डाळीच्या कोठारातला सॅक्सोफोन

“रुथे, बाहेर हो.”

“मामा, मी काही करत नाहीये. नुसती बसलेय.”

“नुसती बसून जीव खातीयेस माझा. दर मिनिटाला एक सुस्कारा! सगळे माइकात भरलेत. उद्या लोक विचारतील, सॅक्सच्या मागं रडायला ही बाई कोण बसवलीय म्हणून.”

“मी मामीला शब्द दिलाय. तुला डोळ्यांआड करणार नाही म्हणून.”

“मग मामीलाच आणून बसव. ती निदान गप तरी बसते.”

मी गेले बाहेर. काय करणार? आमचा मामा, बर्नबास साळवे, एकदा हट्टाला पेटला की चर्चच्या पाळकसाहेबांचंही ऐकत नसे, तिथं माझी काय कथा. दार लावून घेतलं त्यानं.

ती खोली म्हणजे नगरमधल्या एका बंद पडलेल्या डाळ मिलचं कोठार. जाड दगडी भिंती, खिडकी नावाला नाही. आमचं रेकॉर्डिंग करणाऱ्या हृषीनं चारी भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, दारालाही आतून एक ठोकली होती. “दार लावलं की आत बॉम्ब फुटला तरी बाहेर कळणार नाही,” असं तो येईल त्याला कौतुकानं सांगायचा. आत काय फुटेल याचीच तर मला धास्ती होती.

मी जात्याच भित्री. फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं, मग उचलते. पण त्या वर्षीची भीती उगीचची नव्हती. आदल्या हिवाळ्यात मामा एका वरातीत भर रस्त्यात छाती धरून खाली बसला होता. हार्ट अटॅक. डॉक्टरांनी बजावलं होतं, फुंकायचं काम बंद. आता सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला फुंकू नको म्हणायचं म्हणजे काय हो? तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांमधून जॅझ वाजवलेला माणूस तो. नंतर नगरला येऊन त्यानं स्वतःचा बँड काढला आणि जिल्ह्यातली अर्धी लग्नं वाजवली. घरी बसल्यावर तो बोलेनासाच झाला. सॅक्सची पेटी मांडीवर घेऊन दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. जेवायला हाक मारली तर जेवायचा, नाही मारली तर नाही.

अशात हा हृषी पुण्याहून आला. हृषीकेश देवकुळे, आवाजाचं शिक्षण घेतलेला, केस मानेपर्यंत, पायात फाटक्या चपला. वरातीच्या बँडांचे आवाज रेकॉर्ड करत फिरत होता. कुणीतरी त्याला मामाकडे पाठवलं. मामा म्हणाला, “दम नाही राहिला बाबा. एक ओळ वाजवली की संपलो.”

“सर, एकच ओळ वाजवा,” हृषी म्हणाला. “बाकीचं मी बघतो.”

त्यानं आम्हाला हेडफोन लावून डब नावाचं संगीत ऐकवलं. मला आधी वाटलं, मशीन बिघडलंय. गाणं चालू असतं, मधेच सगळी वाद्यं गायब, नुसता ढोल आणि बेस. मग कुठूनतरी तुतारीचा एक सूर येतो आणि तोच पुन्हा पुन्हा येत राहतो, विहिरीत हाक मारल्यासारखा. आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर बसलेला माणूसच ते सगळं करत असतो. कुणाला गप्प करायचं, कुणाचा सूर घुमवत ठेवायचा, तो ठरवतो.

मामानं ऐकलं आणि कित्येक महिन्यांनी हसला. “म्हणजे फुंकायचं मी एकदा आणि वाजायचं चारदा? अरे, मग हे आधी का नाय कुणी सांगितलं? वरातीत उगीच छाती फोडून घेतली की!”

तिथून तो अल्बम सुरू झाला. मामाचा जॅझ, हृषीचं डब, आणि आम्ही दोघं खाली फंकचा नाचरा ठेका धरणारे. ड्रमवर इक्बाल, मामाच्या बँडमधला जुना गडी, आणि बेस गिटारवर मी. मी चर्चच्या कॉयरमध्ये बेस वाजवत मोठी झाले. फंक वाजवायला लागल्यावर पहिल्यांदा कळलं की उपासनेत पाय हलवायला मनाई असते ती का.

मामीनं परवानगी दिली, पण तिच्या डोळ्यांनी काही दिली नव्हती. निघताना तिनं माझ्या कुर्त्याच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचं पाकीट कोंबलं. “असं भिंतीकडं बघत बसून मरायचे ते,” ती म्हणाली. “त्यापेक्षा जाऊ दे. पण रुथी, नजर हलवू नकोस.”

महिनाभर सगळं नीट चाललं. मामा खुर्चीत बसून एखादी ओळ वाजवायचा, थांबायचा, पाणी प्यायचा. हृषी ती ओळ घेऊन तिचं काय काय करायचा. घरी मामा चक्क बडबडायला लागला, मामीच्या कालवणाला नावं ठेवायला लागला. मामी डोळे पुसत नावं ऐकून घ्यायची.

आणि मग शेवटच्या गाण्याला त्याच्या डोक्यात आलं की हे तुकड्या-तुकड्यांनी नको. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि हृषीनं मिक्सरवर तिथल्या तिथं इको सोडत जायचं. “एक तरी गाणं असं पायजे की जे झालं ते झालं,” म्हणाला. “नाहीतर हा अल्बम माझा कसला? शिंप्याचा.”

तर त्या दुपारी मी कोठाराबाहेर आले, मिलच्या मोठ्या हॉलमध्ये माझ्या स्टुलावर बसले, बेस गळ्यात घातला आणि हेडफोन लावले. इक्बाल समोर ड्रमवर. कोपऱ्यात हृषी, कानांवर हेडफोन, बोटं मिक्सरच्या बटणांवर. मामा दिसत नव्हता. होता तो फक्त कानात.

पहिल्या वेळी मी थांबले, कारण मामा खोकला. आपला साधा खोकला, पण माझी बोटं गारठली. सगळं बंद पडलं.

“काय झालं?” हेडफोनात मामा.

“तू खोकलास.”

“मग? खोकल्याला पण तुझी परवानगी लागते का?”

दुसऱ्या वेळी त्याच्या ओळीची जागा आली आणि तो आलाच नाही. एक क्षण, दोन क्षण. मी बेस टाकून उठले, दार ढकललं. मामा खुर्चीत बसून सॅक्सच्या तोंडाची वेताची पट्टी ओली करत होता. माझ्याकडे त्यानं असं बघितलं की मला वाटलं आता तो सॅक्सच फेकून मारणार.

बाहेर आला तो. कपाळावर घाम होता.

“घाम का आलाय तुला?” मी विचारलं.

“गाद्या आहेत आत चहूकडं! एप्रिल महिन्यात गादीत गुंडाळून बघ स्वतःला, मग विचार.” तो धान्याच्या एका जुन्या वजनकाट्यावर टेकला. “हे बघ रुथे. मी किती दिवस काढलेत त्या भिंतीपुढं, तुला माहितीय. आज मला वाजवू दे. तू थांबलीस की हे सगळे थांबतात, आणि मला पुन्हा पहिल्यापासून फुंकावं लागतं. मारायचंच असेल मला तर तुझी काळजीच मारणार.”

मी खाली टाकलेला बेस उचलून घेतला.

“मास्तर बरोबर बोलतायत,” इक्बाल म्हणाला. “रुथीताई, वरातीत आम्ही काय करतो? गर्दीत मास्तर दिसत नाहीत. पुढं घोडा, मागं पोरं नाचतात, फटाके. आम्ही फक्त कानानं चालतो. मास्तरांचा सॅक्स वाजतोय ना, मग वाजवायचं. सॅक्स थांबला की थांबायचं. पाऊस येऊ दे, मारामारी होऊ दे.”

“ऐकलंस?” मामा म्हणाला. “मी थांबल्याबिगर कुणी थांबायचं नाही. घे शपथ.”

“शपथ घेऊ नये, मामा. पवित्र शास्त्रात लिहिलंय.”

“मग शपथ न घेता नुसतं हो म्हण.”

मी हो म्हटलं. तो उठला. उठताना त्यानं काट्याचा नाही, माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि हात जरा जास्त वेळ तिथं राहिला. मला आवडलं नाही ते.

तिसऱ्या वेळी इक्बालनं काड्या वाजवून ताल दिला आणि आम्ही निघालो. काय सांगू, ते गाणं पहिल्या मिनिटापासूनच बसलं. कधीकधी होतं तसं. इक्बालचा पाय आणि माझं बोट एकाच वेळी पडत होतं, हृषीनं मधेच आम्हाला दोघांना गप्प केलं, पुन्हा सोडलं, आणि त्या मोकळ्या जागेत मामा आला. आला तो असा आला! एक लांब ओळ, मध्ये वळण घेऊन खाली उतरणारी, जराशी दुखरी. हृषीनं ती पकडली आणि घुमवली. मामानं दुसरी टाकली. हृषीनं तीही घुमवली. मामाच्या मागं मामा, त्याच्या मागं आणखी एक मामा. मला रडू येत होतं आणि मी वाजवत होते.

माझा कान मात्र सुरांवर नव्हता. मी ऐकत होते श्वास. महिनाभर मी तेच करत होते. मामा ओळ सुरू करायच्या आधी नाकानं श्वास घ्यायचा, त्यात बारीकशी शिट्टी असायची. दमला की ती शिट्टी लांबायची. मी तिच्यावर पाळत ठेवून असायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तशी.

गाणं मध्यावर आलं तेव्हा शिट्टी लांबली होती. मग आणखी एक ओळ आली, छोटी, शेवटी जराशी घसरलेली. मी इक्बालकडे बघितलं. तो खाली मान घालून वाजवत होता. मी हो म्हटलं होतं. मी वाजवत राहिले.

आणि मग मामा सावरला. तीच छोटी ओळ त्यानं पुन्हा वाजवली. पुन्हा वाजवली. आधी श्वास, बारीक शिट्टी, मग ओळ, शेवटी तीच गोड घसरण. शिट्टी लांबत नव्हती आता. माझा जीव भांड्यात पडला. देवबापा, तुझे उपकार, असं मी मनात म्हटलंसुद्धा. किती एकसारखा श्वास चाललाय, मला वाटलं. लागला वाटतं दम परत. मी इतकी खूश झाले की बेसवर दोन-चार जागा उगीचच जास्त घेतल्या.

श्वास, शिट्टी, ओळ, घसरण. श्वास, शिट्टी, ओळ, घसरण.

किती एकसारखा!

माणूस एकसारखा श्वास घेत नाही. झोपेतसुद्धा नाही घेत. आणि इथं तीच शिट्टी, तेवढीच, त्याच जागी येत होती. मामा वाजवत नव्हता. हृषीचं मशीन वाजवत होतं, मामाचा माइक बंद करून. श्वाससुद्धा मशीनच घेत होतं.

मी तारांवरून हात उचलला.

हृषीनं डोळे उघडले आणि मला जोरजोरात खूण केली, थांबू नकोस, थांबू नकोस, मस्त चाललंय! त्याचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. इक्बालनं माझ्याकडे रागानं बघितलं आणि वाजवतच राहिला. त्याच्या कानात मास्तरांचा सॅक्स चालू होता ना. का थांबेल तो?

“मामा वाजवत नाहीये!” मी ओरडले. दोघांच्याही कानांवर हेडफोन. कुणाला ऐकू जाणार?

मी बेस गळ्यातून काढून फेकला आणि धावले. हेडफोनची वायर पायात अडकली, गुडघ्यावर पडले, उठले. दार ढकललं. दार हलेना. आतून कडी नव्हती, मला माहीत होतं. मी खांदा लावला. दार बोटभर उघडलं आणि कशाला तरी मऊ लागून थांबलं. त्या फटीतून मला मामाचा बूट दिसला.

किंचाळले असणार मी. मला आठवत नाही. ड्रम थांबले एवढं आठवतं. आणि मग त्या शांततेत, हॉलभर पडलेल्या आमच्या हेडफोनांमधून, मच्छरासारखा बारीक, मामाचा सॅक्स वाजत होता. श्वास, शिट्टी, ओळ. हृषी मिक्सर तसाच सोडून धावत आला होता.

“जोरात नको,” इक्बाल म्हणाला. “पाय मोडेल मास्तरांचा. रुथीताई, तुम्ही बारीक आहात, घुसा.”

घुसले मी. गादीला घासून कोपर सोलवटलं. मामा दाराशी पडला होता, खुर्ची आडवी, सॅक्स छातीवर, कानांवर हेडफोन तसेच. डोळे उघडे. चेहरा ओल्या राखेच्या रंगाचा. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. एक हात दाराच्या दिशेनं पसरलेला. दारापर्यंत आला होता तो, सरपटत. दार त्याला उघडता आलं नव्हतं.

मी त्याचे हेडफोन ओढून काढले, गोळी जिभेखाली ठेवली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागले. प्रार्थना करायची असते अशा वेळी. माझ्या तोंडून एकच निघत होतं, “मामा, नको ना. मामा, नको ना.”

दवाखान्यात आम्ही त्याला बँडच्या गाडीतून नेलं. दुसरी गाडीच नव्हती. वरती भोंगे, बाजूला रंगीत दिवे, आणि मोठ्या अक्षरांत त्याचंच नाव. चौकात एका पोलिसानं हात केला, त्याला वाटलं दुपारची वरात आहे. इक्बालनं खिडकीतून डोकं काढून त्याला जे काही ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. पोलिसानं रस्ता मोकळा करून दिला. मी मागं मामाच्या नाकाशी बोट धरून बसले होते. ऊन ऊन हवा लागत होती बोटाला, कधी लवकर, कधी उशिरा. एकसारखी नव्हती ती. मी तिच्यावरून बोट हलवलं नाही.

मामी आली. मला वाटलं होतं, ती थोबाडीत मारेल. तिनं फक्त विचारलं, “शेवटी वाजवत होते का?” मी हो म्हटलं. ती बाकावर माझ्या शेजारी बसली आणि माझ्या सोलवटलेल्या कोपराला पदर बांधला. डॉक्टर बाहेर येईपर्यंत ती त्याची गाठ धरून बसली. मला इतकी भीती आयुष्यात आधी वाटली नव्हती, नंतरही नाही. डॉक्टरांनी मास्क काढला, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या ऐवजी त्यांच्या चपलांकडे बघत होते.

“वेळेत आणलंत,” ते म्हणाले.

मामा वाचला. सॅक्स मात्र गेला तो गेलाच. हृषी महिनाभर मिलकडे फिरकला नाही. पुढं एक दिवस तो मामाच्या पलंगाशी येऊन बसला, मान खाली घालून म्हणाला, “सर, ते शेवटचं गाणं पुसून टाकतो.” मामा उठूनच बसला. “हात लावून बघ! एवढं मरायला टेकलो ते काय पुसायला?” तसंच ठेवलं ते. अल्बम निघाला, थोड्याफार लोकांनी ऐकला, आणि ज्यांनी ऐकला ते हटकून त्या गाण्याच्या शेवटच्या भागाचं नाव काढतात. सॅक्स कसा तिथल्या तिथं फिरत राहतो, ऐकताना भान हरपतं, म्हणतात. मी तो भाग पुन्हा कधी ऐकलेला नाही.

मामाही त्या दिवसाबद्दल बोलत नसे. विषय निघाला की थट्टेवारी न्यायचा. तो जायच्या आदल्या वर्षी, आम्ही दोघं त्याच्या अंगणात मटार सोलत बसलो होतो, तेव्हा मला राहवलं नाही.

“मामा, तुला भीती वाटली होती का रे? आत?”

“वाटली तर,” तो म्हणाला. एक शेंग हातात तशीच धरून बसला. “हातपाय गेले, तोंडातून पट्टी सुटली. आणि मी वाजतोय! कानात, स्वच्छ. मला वाटलं, बर्नबास, मेलास तू. हे असंच असतं बहुतेक. एवढं झकास वाजत होतो ना, खात्रीच पटली.”

मी हसले. तो हसला नाही.

“मरायचं भ्या नव्हतं गं तेवढं. पण दाराकडं सरकत होतो आणि कानात तुम्ही सगळे. इक्बाल वाजवतोय. तू वाजवतीयेस. मजेत! वर आणखी जागा घेत होतीस. मी इथं खाली पडलोय, हाक मारतोय, आवाज फुटेना, आणि तुम्ही माझ्याबरोबर वाजवताय. मी नसलो तरी तुमचं चाललंय आणि तुम्हाला पत्ता नाही. तसलं भ्या देवानं वैऱ्याला दाखवू नये.”

मटार सोलायचं सोडून मी त्याच्या हाताकडे बघत राहिले.

“मग बेस थांबला,” मामा म्हणाला. “इक्बाल चालूच होता, माझा सॅक्सही चालूच होता. फक्त तुझा बेस तेवढा नव्हता. मग मी सरकायचं सोडून दिलं, पडून राहिलो निवांत.”

“का?”

“का म्हणजे?” त्यानं शेंग फोडली आणि दाणे माझ्या ओंजळीत टाकले. “म्हटलं, निघाली रुथी.”